तीन उकळ्यांच्या अत्तार मॅडम

कोल्हापुरात राहून धारोष्ण दुधाला नावं ठेवायची म्हणजे तालमीच्या दारात उभं राहून कुस्तीला नावं ठेवण्यासारखं आहे. इथं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते आणि फेसाळ, कोमट पेला माणसं उभ्याउभ्या घशाखाली उतरवतात. माझे सासरे तर म्हणायचे, तापवलेलं दूध आजाऱ्यानं प्यावं. अशा गावात आमच्या अत्तार मॅडम लॅबच्या पॅन्ट्रीत उभ्या राहून दुधाला तीन उकळ्या द्यायच्या. एक नाही, दोन नाही, तीन. दूध वर आलं की गॅस बारीक करायचा, खाली बसलं की मोठा, की पुन्हा वर. तोवर चहासाठी आमचा जीव कासावीस झालेला असायचा.

"मॅडम, खवा व्हायला लागला दुधाचा," मी म्हणायची.

"हुंदे की. खवा खाऊन कोण मेलंय?"

नसीमा अत्तार हे त्यांचं पूर्ण नाव. राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या जंतू विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, जंतू वाढवायचं एक उबदार कपाट आणि मी. मी माने, राहणार कागल. संध्याकाळची पाच चाळीसची एसटी हे माझ्या आयुष्याचं ध्येय. ती चुकली की पुढची तुडुंब भरून येते आणि घरी सासूबाई घड्याळाकडं बघत बसलेल्या असतात. त्यामुळं चार वाजले की माझं अर्धं लक्ष स्टँडवर. मॅडमना ते न बघता कळायचं. "मानेबाई, मनानं एसटीत बसलासा जणू," असं त्या मान वर न करता म्हणायच्या.

बाई दिसायला काही विशेष नव्हत्या. बुटक्या, जरा अंगानं भरलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट, आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की डोक्यावर पदर. पाठीत कायमची एक कळ असायची, म्हणून स्टुलावरून उठताना टेबलाला हात टेकून "या खुदा" म्हणायच्या. गळ्यात चष्म्याची दोरी. चष्मा मात्र बहुतेक वेळा केसांत, आणि शोधायचा आम्ही. आवाज खास कोल्हापुरी, म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या क्लासच्या पोरांनाही आमच्या पेशंटची नावं पाठ.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कुणाचं रक्त, कुणाची लघवी, कुणाच्या जखमेतला पू, हे सगळं जंतूंना आवडेल अशा खाद्यावर पेरायचं, उबेत ठेवायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. रक्तासाठी चपट्या बाटल्या. एका अंगाला खळीसारखा घट्ट थर, तळाशी पातळ रस्सा. दिवसाआड बाटली तिरकी करून तो रस्सा थरावरून सावकाश फिरवायचा आणि पुन्हा उभी करायची. मॅडम हे काम कुणालाच देत नसत. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी बाई तान्ह्याला हातावर पालथं घेते ना, तशी त्यांची बाटली धरायची तऱ्हा होती.

बहुतेक जंतू दोनतीन दिवसांत तोंड दाखवतात. म्हणून जगाची रीत अशी, की पाच दिवस बघायचं, नाही दिसलं तर "निगेटिव्ह" लिहून मोकळं व्हायचं. मॅडमना तो शब्दच मान्य नव्हता. त्यांच्या रिपोर्टवर त्या स्वतःच्या हातानं लिहायच्या, "आजपर्यंत काही उगवलेले नाही." खाली तारीख. शहरातले मोठे डॉक्टर फोनवर वैतागायचे. एकांनी तर सुनावलं, "मॅडम, पाच दिवस झाले, आता काय पंचांग बघताय?"

"डॉक्टर, पाच दिवसांत हरभरा उगवतोय," मॅडम म्हणाल्या. "ऊस लावून पाचव्या दिवशी शिवारात जाऊन बोंब मारतंय का कोण?"

आणि संशय आला की बाटली एकवीस दिवस कपाटात राहायची. लॅबचे आणि म्हणून कपाटाचेही मालक असलेले आमचे डॉक्टर जागा नाही म्हणून कुरकुरायचे. मीही कुरकुरायची. "थांबा की जरा," हे त्यांचं आम्हा दोघांना ठरलेलं उत्तर.

या एकवीस दिवसांमागं एक गोष्ट होती. ती त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, कारण मी एका ताटलीचं झाकण उघडून नाकाशी नेलं होतं. जुन्या तंत्रज्ञांची ती खोड असते. एक जंतू पिकल्या द्राक्षासारखा वास देतो, एक ओल्या मातीसारखा, आणि वासावरून ओळखला की आपणच मोठे शहाणे. मॅडमनी माझ्या हातावर चापट मारली. प्रमुख बाईंनी आपल्याला चापट मारावी हे मला इतकं लागलं की मी तिथंच राजीनाम्याचा विचार केला.

मग त्यांनी बसवून सांगितलं. वडिलांचं अत्तराचं छोटं दुकान होतं. लहानपणी डोळे मिटून ही मुलगी कुपी ओळखायची, आणि गिऱ्हाइकांसमोर वडील तिच्याकडून ते करवून घ्यायचे. नोकरीला लागली तेव्हा नाकाचा तोरा होताच. एक दिवस एका ताटलीवर अगदी बारीक ठिपके आले. वास घेतला, तर काहीच नाही. "वासच आला न्हाय बघा," मॅडम म्हणाल्या, "म्हणून पुन्यांदा घेतला!" आणि स्वतःच खो खो हसल्या.

तीन आठवड्यांनी त्यांना संध्याकाळचा ताप यायला लागला. अंथरूण भिजेल असा घाम, पाठ धरलेली. सकाळी ठणठणीत. कित्येक महिने हे चाललं. तपासण्या झाल्या, कागदावर लिहिलं गेलं, "कारण अज्ञात." घरातले म्हणायला लागले, हिला नोकरी नको झाली आहे, नाटकं आहेत. शेवटी बाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं आणि बाटलीत भरलं. पाचव्या दिवशी काही नाही, दहाव्या दिवशी काही नाही. एकोणिसाव्या दिवशी थरावर ठिपके दिसले. ब्रुसेला नावाचा जंतू, गुराढोरांतला. जनावरांचा गाभ पाडतो, कच्च्या दुधातून माणसात येतो, आणि कधी कधी बायकांचाही गर्भ टिकू देत नाही. मॅडमच्या अंगात तो नाकातून गेला होता.

तेव्हापासून काचेच्या बंद कपाटात हात घालूनच काम, तोंडाला मास्क, आणि खोलीचा नियम एकच, "नाक दाराभाईर ठिवून या." वास घेताना सापडेल त्याला चहा नाही. आणि "कारण अज्ञात" हे दोन शब्द दिसले की त्यांची पाठ दुखायला लागायची. "अज्ञात म्हंजे काय?" त्या म्हणायच्या. "आमी हुडकलं न्हाय, असं लिव्हा की सरळ."

सुप्रियाच्या कागदावर तेच दोन शब्द होते. कोडोलीची ही पोर असेल सव्वीसेक वर्षांची. तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा टिकले नाहीत. शेवटचं तर पाचव्या महिन्यात गेलं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी साखर, थायरॉईड, गर्भपिशवीचे फोटो, सगळं बघून झालं होतं. सगळं ठीक. आता बारीक ताप होता, म्हणून रक्तात जंतू आहेत का बघायला पाठवलेली. सोबत सासू हौसाबाई. गावात भांडण लागलं तर दोन्हीकडचे जिला बोलावतील अशा अंगलटीची बाई. बोलत होती तीच, सुप्रिया भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

मॅडमनी रक्त घेतलं, दंडावर कापूस दाबायला सांगितला आणि हौसाबाईंकडं वळून विचारलं, "मावशी, गोठ्यात काय काय हाय?"

"तीन म्हशी, एक गाय. का वो?"

"वर्सा-दोन वर्सांत कुठली गाभडली का?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. तीनदा पोटातलं गेलेल्या मुलीसमोर हा काय प्रश्न! हौसाबाईंचा आवाज चढला. "आवो बाई, म्या सून घिऊन आलोया. म्हशीचा दवाखाना निराळा असतोय."

"व्हय की. पर सांगा तरी."

"गाभडली. दोन डाव. वार आडाकली हुती, म्याच हात घालून काढली. मग? आता दूध झ्याक देतीया. सांजसकाळ पयला पेला सुप्रियाचा, धारंखालचा. पोरीच्या अंगात ताकद नगं व्हय? तापवलं की सगळी ताकद जाती."

मॅडमनी चष्मा केसांतून काढून पुसला आणि परत केसांतच ठेवला. निघताना सुप्रिया दारात थांबली. सासू जिना उतरायला लागली होती. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "माझ्यातच खोट हाय म्हंत्यात सगळी. शिरोळच्या आत्यांनी ह्यांच्यासाठी दुसरी पोरगी बघून ठेवलीया. जोतिबाची यात्रा झाली की बोलणीला बसायचं ठरलंय. खोट हाय का, तेवढं सांगा मला."

"एकवीस दिस थांब," मॅडम म्हणाल्या.

यात्रेला चोवीस दिवस होते. मी कॅलेंडर बघितलं.

थेंबभर रक्ताची लगेच होणारी एक चाचणी असते. ती त्याच दुपारी "हो" म्हणाली. पण डॉक्टरीणबाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. गोठ्यात राबणाऱ्या पुष्कळांच्या रक्तात ती खूण सापडते, तेवढ्यावर सहा आठवड्यांचं कडक औषध कसं द्यायचं? जंतू दाखवा, मग बोलू. म्हणजे सगळी भिस्त बाटलीवर.

आणि आता माझा पराक्रम. सहाव्या दिवशी कपाट भरलेलं, पाच वाजून गेलेले. फॉर्मवर पाच दिवस लिहिलेल्या सगळ्या बाटल्या मी भराभर टाकाऊ ट्रेमध्ये काढल्या, जंतू मारायच्या वाफेच्या डब्यात ठेवायला नेल्या आणि पर्स उचलली. मॅडम रोज जाताना एकवीस दिवस ठेवायच्या बाटल्या मोजायच्या. "सोळा हुत्या. एक कुठं गेली?" मी दारात होते. डब्याखाली आच लावली होती, घाईत झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. मॅडम पाठीवर हात ठेवून झरझर गेल्या, ट्रेमधनं सुप्रियाची बाटली काढली, उजेडाकडं धरून बघितली, तिरकी करून रस्सा फिरवला आणि परत कपाटात ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मानेबाई, ह्या पोरीचं तीन डाव गेलंय. बाटली तरी जाऊ द्यायची न्हाय."

मी त्या दिवशी सहा वीसच्या गाडीत उभी राहून गोकुळ शिरगावपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी मला बसायला जागा दिली. त्यांना वाटलं असेल, हिच्या घरी कुणीतरी गेलं.

चौदाव्या दिवशी थरावर ठिपके दिसले. खसखशीहूनही बारीक, दव पडल्यासारखे. मला नाचावंसं वाटत होतं. मॅडमनी मास्क घट्ट केला, काचेच्या कपाटात बाटली नेली आणि पुढच्या तपासण्या एकेक करून पुऱ्या केल्या. ठिपके दिसले म्हणून त्यांनी एक पायरी गाळली नाही. सगळं पक्कं झाल्यावर स्टुलावरून उठल्या आणि "या खुदा" म्हणाल्या, पण त्या दिवशी ते पाठीसाठी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. गोठ्याचं समजावून सांगायला आमच्याकडं पाठवलं, कारण तिथं हौसाबाई ऐकायलाच तयार नव्हत्या. सुप्रिया, तिचा नवरा आणि हौसाबाई, तिघं आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मॅडमनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. म्हैस का गाभडली, जंतू दुधात कसा उतरतो, उकळल्यावर कसा मरतो. हौसाबाई आधी भांडल्या. मग इतकी मोठी बाई, बघता बघता एवढीशी दिसायला लागली.

"म्हंजे म्याच पाजलं व्हय?" त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं? तिला नगं असायचं तरी म्या उभी ऱ्हाऊन पाजायचो."

सुप्रिया खाली बघत होती. तिचा नवरा खिडकीबाहेर. ज्या घरात इतके दिवस सुनेकडं बोट होतं, ते बोट आता सासूकडं वळणार होतं, आणि त्यानं कुणाचं भलं होणार होतं?

मॅडम हौसाबाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. "मावशी, तुमी दूध पाजलासा. त्यात जंतू हाय हे तुमाला कुणी सांगितलंतं? मी शिकल्याली, ह्याच कामाचा पगार घेणारी. मी तर नाकानं वढून घेतला, त्योबी दोन डाव." आणि ताटलीचा सगळा किस्सा त्यांनी पुन्हा सांगितला, हसत हसत. मग म्हणाल्या, "आता हात करा फुडं."

"माझा? मला काय झालंय?"

"वार कुणी काढली? सांधं कुणाचं दुखत्यात? सांजचं कणकण कुणाला येती?"

"ती वयाची," हौसाबाई म्हणाल्या. पण हात पुढं केला.

त्यांचंही रक्त "हो" म्हणालं. पुढं आठवड्याभरात बाटलीतही उगवलं. तो रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा सुप्रिया बरोबर होती. हौसाबाई बराच वेळ कागद हातात धरून बसल्या. वाचता येत नव्हतं, तरी धरून बसल्या. "माझी बी दोन गेल्ती," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराच्या आदी. तवा सासू म्हनाली, पोरीच्या पायगुनानं गेली. ते बी ह्येच्यानंच व्हय वो?"

दुसऱ्या कुणी समजूत घालायला हो म्हणून टाकलं असतं. मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "ते आता सांगाया येत न्हाय, मावशी. तवा कुणी बाटलीच भरली न्हाय."

सुप्रियानं पदरानं सासूचे डोळे पुसले. तिनं ते इतक्या सवयीनं केलं की मला माझ्या सासूबाईंची आठवण होऊन ओशाळल्यासारखं झालं.

"दोन्ही कागद एकाच लखोट्यात घाला," हौसाबाई उठता उठता म्हणाल्या. "शिरोळच्या वन्संना दावायचं हाईत."

त्यांनी ते कसे दाखवले, हे नंतर सुप्रियानंच येऊन सांगितलं. यात्रा झाली, माणसं बसली, आत्यांनी विषय काढला. हौसाबाईंनी लखोटा मधे टाकला. म्हणाल्या, "आजार दोघींत हाय. सून बदलायची तर सासू बी बदलायला लागंल. बघा कुठं मिळती का दुसरी." विषय तिथंच संपला. चहा झाला, उकळलेल्या दुधाचा.

सहा आठवडे सासू-सुनेनं एका वेळी, एका तांब्यातल्या पाण्यानं गोळ्या घेतल्या. म्हैस जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून वेगळी बांधायला लावली. पुढं वर्षभरानं सुप्रियाला पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यात बारीक ताप आला आणि तिघंही धावत कोल्हापूरला. मॅडमनी बाटली भरली.

त्या बाटलीच्या नवव्या दिवशी मॅडम निवृत्त झाल्या. नारळ, शाल, दोन भाषणं झाली. मॅडमनी शाल खुर्चीवर टाकली आणि मला कपाटापाशी नेऊन ती बाटली हातात दिली. "दिवसाआड. सावकाश," म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी ती बाटली कशी सांभाळली हे माझं मला ठाऊक. एसटी सहा वेळा चुकली. आणि एकविसाव्या दिवशी सकाळी जिन्यावर तो ओळखीचा आवाज आला. पदर डोक्यावर, हातात पिशवी. माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. घरी बसवेना, एवढंच. खिडकीपाशी दोघींनी बाटली उजेडाकडं धरली. थर स्वच्छ होता. रिपोर्ट मी लिहिला, त्यांच्याच शब्दांत. "आजपर्यंत काही उगवलेले नाही." मॅडमनी वाचला आणि तारीख विसरले म्हणून मला झापलं. ताप साधा होता, दोन दिवसांत उतरला.

नातीला घेऊन हौसाबाई लॅबमध्ये आल्या तेव्हा ती तीन महिन्यांची होती. आधी फोन करून मॅडमना बोलावून घेतलेलं. पेढ्यांचा डबा उघडायच्या आधीच हौसाबाईंनी जाहीर केलं, "तीन उकळ्या दिल्यात बरं का दुधाला! खवा हाय, खवा!" सुप्रिया सगळ्यांना पेढे वाटत फिरत होती. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम खोलीबाहेरच्या त्याच बाकावर बसल्या होत्या. हौसाबाईंनी पोर त्यांच्या मांडीवर ठेवली. मॅडमनी तिला हातावर घेतलं, बाटलीसारखंच, सावकाश. जरा वेळ नुसतं बघत राहिल्या. मग चष्मा गळ्यात सोडला, मान खाली केली, पोरीच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. अत्तराच्या दुकानातली लहान मुलगी कुपी ओळखताना अशीच दिसत असेल.

"मॅडम," मी दारातून म्हणाले, "वास घेणाऱ्याला चहा न्हाय."

"थांबा की जरा, मानेबाई," त्या नाक न उचलता म्हणाल्या.

पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी पर्स खाली ठेवली आणि दूध तापवायला गेले.